सांगणारे खूप, विचारणारं कोण?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या घरगुती व्याख्यानमालेचे तिसरे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले असून बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

वक्ते : बी विंग, फ्लॅट क्र. ११



पहिल्या पुष्पात आपण इच्छापत्रावर ऐकलं, दुसऱ्यात सोलर पॅनलवर. दोन्ही वक्ते आपापल्या विषयातले जाणकार होते. माझं तसं नाही. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. कल्चरल कमिटीच्या ताई मला म्हणाल्या, "काका, तुम्ही एवढे बारीक कसे झालात ते सांगा." मी म्हटलं, सहा किलोच कमी झालं, ते दोन मिनिटांत सांगून होईल. त्या म्हणाल्या, "मग चहा होईपर्यंत बोला." तेव्हा चहा येईपर्यंत मी बोलणार आहे. (हशा)

आधी थोडं मागे जातो. २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट नव्हती. मी तिसऱ्या मजल्यावर. भाजी आणायची, गॅस सिलिंडर यायचा, मुलं खाली खेळायची त्यांना जेवायला बोलवायचं, दिवसातून सात-आठ वेळा जिना व्हायचा. आठ वर्षांपूर्वी लिफ्ट आली. त्या लिफ्टसाठी जनरल बॉडीत सगळ्यात जास्त भांडलो मी. गुडघ्याचं कारण दिलं होतं. लिफ्ट आली आणि माझा जिना सुटला तो सुटलाच. मग पोट सुटलं. (हशा)

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी रिपोर्ट आला. एचबीएवनसी ८.४. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही रक्ताची तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. ६.५ च्या पुढे गेलं की मधुमेह. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "वजन कमी करा, चाला, गोड बंद." मी हो म्हटलं. तुम्हीही सगळे हो म्हणता, मला माहीत आहे.

आता जे सांगणार आहे ते ए विंगच्या वहिनींची परवानगी घेऊन सांगतो. त्या समोर बसल्या आहेत. आपले माजी खजिनदार, माझे मित्र, यांचा आणि माझा रिपोर्ट एकाच महिन्यात आला होता. माझा ८.४, त्यांचा ८.१. कट्ट्यावर बसून आम्ही दोघं त्यावर विनोद करायचो, "माझी तुझ्यापेक्षा जास्त गोड." आम्हाला सगळं माहीत होतं हो! ते तर रोज पेपरातली आरोग्याची पुरवणी कापून ठेवायचे. मेथीदाणे, कारल्याचा रस, कुठल्या फळाने साखर किती वाढते, सगळं पाठ. ते मला विचारायचे, "उद्या सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर यायचं का?" मी म्हणायचो, "उद्या नको, सोमवारपासून." आणि सोमवारी मी विचारलं की ते म्हणायचे, "एक तारखेपासून." असं दीड वर्ष गेलं. मग एका पहाटे अँब्युलन्स आली, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली. हृदयविकाराचा झटका. ६३ वय.

चाललो असतो तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. ते कोणीच सांगू शकत नाही. पण त्या दीड वर्षात आम्ही दोघांनी एकमेकांना "उद्या" म्हणायला मदत केली, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज उभा राहिलो.

दहाव्यानंतर मुलाने आणि सुनेने माझ्यासमोर विषय काढला. सुनेच्या ओळखीतली एक मुलगी हेल्थ कोच म्हणून काम करते, पुण्यात असते, व्हिडिओ कॉलवर बोलते. मी म्हटलं, कोच काय, मला काय ऑलिम्पिकला जायचंय? त्यातून माझा एक अनुभव वाईट होता. पूर्वी एकाने मला असंच 'वेलनेस'च्या नावाखाली नेलं होतं. सकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पावडर पाण्यात घालून प्यायची, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही आणखी दोन माणसं आणायची. साडेचार हजारांचे डबे घेतले, त्यातला एक अजून माळ्यावर आहे. त्यामुळे पहिल्याच कॉलला मी त्या मुलीला विचारलं, "तू काय विकतेस?" ती हसली. म्हणाली, "काका, काहीच नाही. महिन्याला तीन हजार फी आहे, तीन महिन्यांसाठी. गोळ्यांचं डॉक्टर बघतील, त्यात मी पडणार नाही. तुम्ही फक्त तुमचा दिवस मला सांगा."

मी वही घेऊन बसलो होतो. वाटलं, आता डाएट चार्ट देईल. सकाळी भिजवलेले बदाम, अकरा वाजता काकडी. तिने चार्ट दिलाच नाही. पाऊण तास मीच बोलत होतो. किती वाजता उठतो, चहा कितीदा, दुपारी झोपतो का, रात्री टीव्हीसमोर काय खातो. शेवटी तिने विचारलं, "यातलं तुम्हाला स्वतःला काय बदलावंसं वाटतं?" मी म्हटलं, "सगळं." ती म्हणाली, "एकच सांगा."

मंडळी, इथे माझी नोकरी कामाला आली. प्रेसमध्ये आमचं सगळं आयुष्य मोजणीत गेलं. कागद मोजायचा, शीट मोजायचं, नोट मोजायची. हिशोबात एक कमी नाही, एक जास्त नाही. पण स्वतःच्या तोंडात काय गेलं याचा हिशोब मी कधी ठेवला नव्हता. तिने तीन दिवस फक्त लिहून ठेवायला सांगितलं, बदल काही करू नका म्हणाली. लिहिलं तर काय निघालं? दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर मी एकटा नुसत्या चहातून पीत होतो! आणि रात्री अकरा वाजता चिवडा. नाशिकच्या माणसाला चिवडा सोडायला सांगणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

मी चहा धरला. म्हटलं, उद्यापासून साखर बंद. ती म्हणाली, "हे जमेल याची खात्री दहापैकी किती?" मी खरं बोललो, चार. तर म्हणाली, "मग हे ध्येय मोठं झालं. सात म्हणता येईल एवढं लहान करा." शेवटी ठरलं ते हे : पाचातले दोन चहा कमी आणि उरलेल्यांत एक चमचा. दहा चमच्यांवरून तीन चमचे. तेवढंच. चालण्याचं नंतर ठरलं. संध्याकाळचा चहा झाला की कप सिंकमध्ये ठेवायचा आणि तसंच चप्पल घालून खाली उतरायचं. वेगळा वेळ काढायचा नाही, रोज होतच असलेल्या गोष्टीला नवी गोष्ट बांधायची. चिवड्याचा डबा टीव्हीखालच्या कप्प्यातून माळ्यावर गेला, त्या पावडरच्या डब्याशेजारी. रात्री अकरा वाजता स्टूल लावून माळ्यावर चढायचा मला कंटाळा येतो, हे तिने बरोबर ओळखलं होतं. (हशा)

मिसळीचं काय, असं मी घाबरतच विचारलं. आपली दर रविवारची मिसळ. ती म्हणाली, "महिन्यात किती रविवार खाल्लीत तर तुम्हाला गरीब झाल्यासारखं वाटणार नाही?" मी म्हटलं, दोन. "मग दोन. आणि पाव?" मी म्हटलं, दोनाचा एक. म्हणजे बघा, बंधन मीच घातलं, त्यामुळे मोडायला चोरटेपणा वाटायला लागला.

आमच्या सौ. यावर आधी फार चिडल्या होत्या. त्यांचं म्हणणं, "पस्तीस वर्षं मी हेच सांगतेय. माझं फुकटचं ऐकलं नाही, तिचं पैसे देऊन ऐकता!" (हशा, टाळ्या) यावर मी बरेच दिवस विचार केला. मला सापडलेलं उत्तर असं की, ही मला सांगत होती आणि ती मुलगी मला विचारत होती. सांगितलं की माणूस बचाव करतो. विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देताना स्वतःचं स्वतःला ऐकू येतं. घरच्यांची काळजी खोटी नसते. पण त्या काळजीत भीती असते, राग असतो, म्हणून ती सूचना होऊन बाहेर पडते. या विचारण्याचं रीतसर शास्त्र आहे. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली दारूच्या व्यसनाच्या संदर्भात त्याची मांडणी केली, आज जगभरचे हेल्थ कोच ते शिकतात.

हे काम कितपत चालतं, याचे दोन आकडे सांगतो. मोजणीची सवय जात नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ माणसांचा मोठा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी, एका गटाला नुसती दिसायला गोळी, आणि तिसऱ्या गटाला प्रत्येकी एक कोच. वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट. साधारण तीन वर्षांत गोळीने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं आणि कोचवाल्या गटात ५८ टक्क्यांनी. दुसरा अभ्यास आपल्या देशातला, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा, २०१३ चा. नोकरी करणारे ५३७ पुरुष, तेही उंबरठ्यावरचेच. सल्ला सुरुवातीला सगळ्यांना सारखाच दिला. पण निम्म्यांना दोन वर्षं मोबाइलवर आहार-व्यायामाचे साधे मेसेज जात राहिले. दोन वर्षांनी मेसेज न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला होता, मेसेज मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. सल्ला तोच. फरक एवढाच की कोणीतरी पाठ सोडली नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तुम्हाला माहीतच आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवणाची मोहीम सुरू केली. त्या पद्धतीवर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, मी स्वतः ती केलेली नाही, आणि गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम खाली गेली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. पण त्या मोहिमेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माणूस पुस्तक वाचून एकटा सुटत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जातो, आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट दाखवतो, आणि तिथे स्वयंसेवक त्याला उत्तरं देत असतात.

आणि खरं तर हे आपल्याला नवीन कुठे आहे? त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी दरवर्षी आपल्या शहरातून पंढरपूरला जाते. सत्तरीची आजी त्या दिंडीत चालते. तिला म्हणा, उद्यापासून एकटी रोज एवढं चाल, ती म्हणेल, जमायचं नाही बाबा. माळ घातलेला माणूस दारूला शिवत नाही, कारण गळ्यात माळ आहे आणि शेजारी दिंडीकरी आहे. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण करून आले. जोडीने, आणि पाठीमागे गाडीत मदतनीसांची टीम घेऊन. एवढे पट्टीचे लोक एकटे जात नाहीत, आणि आपण मात्र ठरवतो की सोमवारपासून मी एकटा सुधारणार.

आता माझी चूक सांगतो, कारण नुसतं यश सांगणं म्हणजे जाहिरात झाली. दीड महिना छान गेला. रोज रात्री मी तिला 'झालं' असा मेसेज टाकायचो. मग दिवाळी आली. भाऊबीजेला बहिणीकडे पंचवटीत गेलो, करंज्या, अनारसे, रात्री उशिरा आलो, चालणं झालं नाही. पण मेसेज टाकला, 'झालं.' दुसऱ्या दिवशी वाटलं, काल खोटं बोललो, आता आज काय चालायचं. पुन्हा 'झालं.' असे बारा दिवस मी घरात सोफ्यावर बसून चाललो. (हशा) हसू नका, वय ६२ आणि अठ्ठावीस वर्षांच्या मुलीशी खोटं बोलत होतो. बाराव्या रात्री झोप लागेना. कट्ट्यावरचे आमचे ते "उद्या, उद्या" आठवले. सकाळी फोन करून सांगून टाकलं.

मला वाटलं ओरडेल, निदान नाराज होईल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, काका. या बारा दिवसांतला पहिला कोणता सुटला आणि उरलेले कशामुळे सुटले?" मी हिशोब केला. पहिला दिवस भाऊबीजेचा. उरलेले अकरा दिवस लाजेचे. करंजीने माझं एका दिवसाचं नुकसान केलं होतं, लाजेने अकरा दिवसांचं.

तिने मग मला एक माहिती दिली. २१ दिवसांत सवय लागते असं आपण ऐकतो ना, त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यातच खोट आहे असं समजायचं कारण नाही. आमचं नवं कलम ठरलं : चुकलं तर 'चुकलं' असं लिहायचं, दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं. त्यानंतर चुकलेले दिवस पुष्कळ आले, पण लागोपाठ दोन फार थोडे.

तीन महिन्यांचे सहा केले. वजन ८४ वरून ७८. एचबीएवनसी ६.९. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. ती डॉक्टरांनी केली, मी नाही, हे लक्षात ठेवा. त्यानंतर लग्नसराईत पुन्हा ७.१ झालं होतं, आता ६.८ आहे. मधुमेह गेला असं मी म्हणत नाही. जिना मात्र परत आला. लिफ्टने मी फक्त दळणाचा डबा असेल तेव्हाच जातो.

तुमच्यापैकी कुणी कोच लावणार असाल तर माझ्या अनुभवातून तीन गोष्टी विचारा. एक, तुम्ही काही विकता का? डबा, पावडर, गोळ्या विकत असतील तर नमस्कार करून उठा. दोन, माझी औषधं बंद करायला सांगणार का? हो म्हणाले तर जिना उतरून पळा. तीन, शिक्षण कुठे, किती झालंय? आपल्याकडे आज कोणीही पाटी लावून स्वतःला हेल्थ कोच म्हणवू शकतो. अमेरिकेत २०१७ पासून त्याची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आहे. इथे पारख आपल्यालाच करावी लागते. आणि पहिल्याच भेटीत समोरच्याने तुमच्यापेक्षा जास्त बोलायला सुरुवात केली, तर तो सल्लागार असेल, कोच नाही.

पण महिन्याला तीन हजार सगळ्यांना परवडत नाहीत, आणि परवडले तरी कोच जन्मभर लावायचा नसतो. माझी शेवटची फी दिली तेव्हा मी त्या मुलीला विचारलं, आता पुढे काय? तिने उलट विचारलं, "काका, तुमच्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला रोज कोण विचारू शकेल?" मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. २४ फ्लॅट, २५ वर्षं, एकमेकांच्या मुलांची लग्नं आपण लावली, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या आपल्याकडे असतात. आणि मला नाव सुचेना. कारण ते एक नाव आता ए विंगमध्ये नव्हतं.

मग मी वहिनींनाच विचारलं. गेले आठ महिने रोज संध्याकाळी त्या, आमच्या सौ. आणि मी, तिघं चालतो. सात वाजता ज्याला आठवेल तो इंटरकॉम करतो. "येताय ना?" एवढाच प्रश्न. "चाललं पाहिजे," असं कोणी म्हणत नाही.

तर माझी विनंती अशी आहे. रौप्यमहोत्सवाचं गेट रंगवून झालं, रोषणाई झाली. आता वॉचमनच्या केबिनबाहेर मी एक कागद लावला आहे. दोन-दोन नावांच्या जोड्या. शक्यतो नवरा-बायको एका जोडीत नकोत, कारण तुम्हाला माहीत आहे. (हशा) प्रत्येकाने एकच लहान गोष्ट निवडायची, दहापैकी सात खात्री असेल एवढी लहान. कुणाचं चालणं, कुणाचा तंबाखूचा बार, कुणाचं रात्री बारापर्यंत मोबाइल बघणं. जोडीदाराने दिवसातून एकदा विचारायचं, "झालं का?" उत्तर 'नाही' आलं तर रागवायचं नाही, "बरं, उद्या?" म्हणायचं. आणि आमच्या दोघांचं 'उद्या' आणि हे 'उद्या' यात एक फरक ठेवायचा. त्या उद्याची कोणी चौकशी केली नाही, या उद्याची करायची.

कागदावर सध्या तीन नावं आहेत. म्हणजे एक जण बिनजोडीचा आहे, तो मी. चहा आलेला दिसतोय. एक थर्मास बिनसाखरेचा आहे, मुद्दाम सांगून ठेवलाय. ज्यांना माझ्या जोडीला यायचं असेल त्यांनी त्या थर्मासपाशी भेटा.